यंत्राला तकिया कशाला?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कोरेगावात दोन दिवस झड लागली होती आणि वर्गात निम्मीच मुले होती. सातवीतल्या एका मुलाला आम्ही मराठीची कविता म्हणायला उभे केले. पाठांतर झालेले नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. पण गडी घाबरला नाही. ताठ उभा राहिला, मान खटकन एका बाजूला वळवली आणि सपाट आवाजात म्हणाला, ‘‘हाय, आय ॲम चिट्टी. स्पीड वन टेराहर्ट्झ, मेमरी वन झेटाबाइट.’’ सगळा वर्ग हसला. खरे सांगायचे तर आम्हीही हसलो आणि त्याला खाली बसवले. कविता राहूनच गेली.

घरी आल्यावर मात्र आम्हांला त्या हसण्याचे नवल वाटू लागले. ‘एन्दिरन’ हा तमिळ चित्रपट आणि त्याचे ‘रोबोट’ हे हिंदी रूप 1 ऑक्टोबर 2010 रोजी पडद्यावर आले, तेव्हा हा मुलगा जन्मलाही नव्हता. टीव्हीवर आणि मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी पाहून त्याने ते वाक्य उचलले. त्याला टेराहर्ट्झ म्हणजे काय ते ठाऊक नाही, झेटाबाइट म्हणजे काय तेही नाही. आम्हांलाही नव्हते. शोधल्यावर कळले, की एक टेराहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आवर्तने आणि एक झेटाबाइट म्हणजे एकावर एकवीस शून्ये इतके बाइट. आपल्या खिशातल्या मोबाइलचा वेग दोन-तीन गिगाहर्ट्झच्या आसपास असतो. एक टेराहर्ट्झ म्हणजे असे एक हजार गिगाहर्ट्झ. म्हणजे चिट्टीचे ते वाक्य हा खरे तर डबीवरचा छाप आहे. मिक्सरच्या तळाशी वॅट आणि व्होल्ट लिहिलेले असतात, तसाच. आणि तोच छाप आज लोकांच्या तोंडी ‘डायलॉग’ म्हणून बसला आहे.

इथूनच आम्हांला प्रश्न पडला. मारधाडीच्या चित्रपटात यंत्रमानव आला, की त्याच्या तोंडी एखादे पालुपद, एखादे टाळीचे वाक्य घालण्याची रीत पडली आहे. ती त्याला शोभते का? प्रश्न करमणुकीचा वाटतो. पण भाषा शिकवणाऱ्या माणसाला तो तेवढाच वाटत नाही. कोण कोणती वाक्ये पुन्हा पुन्हा म्हणतो आणि का म्हणतो, हा आमचा रोजचाच विषय आहे.

आधी शब्द नीट लावून घेऊ. पुन्हा पुन्हा तोंडी येणाऱ्या बोलाला उर्दूत ‘तकिया-ए-कलाम’ म्हणतात, बोलीत तकिया कलाम. कलाम म्हणजे बोलणे आणि तकिया म्हणजे उशी, टेकण्याचा आधार. फकीर जिथे टेकतो त्या जागेलाही आपल्याकडे तकिया म्हणतात, हे वाचकांना सांगायला नको. बोलता बोलता माणूस थकतो, पुढचे वाक्य सुचत नाही, मग तो एखाद्या ओळखीच्या शब्दावर क्षणभर टेकतो. ‘म्हणजे काय आहे’, ‘कसं आहे’, ‘समझे ना’ ही सगळी उशी आहे. मराठीतला ‘पालुपद’ हा शब्द गाण्यातून आला. कडवे संपले की जिथे परत यायचे ते पालुपद. एकात विसावा आहे, दुसऱ्यात परतणे आहे.

या दोहोंहून वेगळी एक गोष्ट आहे, ती हाजिरजवाबी. समोरचा कोण, वेळ कोणती, त्याने काय म्हटले, हे ओळखून त्या क्षणी दिलेले नेमके उत्तर. ते एकदाच शोभते. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य तसेच म्हटले तर ती हाजिरजवाबी राहत नाही, तकिया कलाम होतो. आज चित्रपटवाले ज्याला सरसकट ‘पंच’ म्हणतात त्यात या दोन्ही गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात आणि घोटाळा तिथेच होतो.

आता यंत्राकडे पाहू. यंत्र थकत नाही. पुढचे वाक्य सुचावे म्हणून त्याला टेकावे लागत नाही. मग त्याला तकिया कशाला हवा? आणि वेळ ओळखून उत्तर द्यायचे तर समोरच्याचे मन कळले पाहिजे, ते त्याला कळत नाही. म्हणजे हिशेबाने पाहिले तर दोन्ही त्याला शोभत नाहीत. तरीही काही चित्रपटांत यंत्राचे वाक्य काळजाला भिडते आणि काही चित्रपटांत नुसते कानावर आदळते. हा फरक कशाने पडतो, तो तपासू.

‘रोबोट’ हा शब्दच मुळी कष्टाचा आहे. चेक नाटककार कारेल चापेक याच्या ‘आर. यू. आर.’ या 1920 सालच्या नाटकातून तो जगभर गेला. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ. आपल्या भाषेत सांगायचे तर रोबोट म्हणजे वेठबिगार. वेठबिगाराला स्वतःचे बोलणे कुठले? ‘जी’, ‘होय’, ‘झाले’ एवढेच. त्याच्या तोंडी रुबाबाचे वाक्य आले, की काहीतरी बिघडले आहे किंवा काहीतरी बदलले आहे, असे प्रेक्षकाला वाटायला हवे.

माणूस नसलेल्या पात्राच्या तोंडी काय घालायचे, हा पेच आपल्या भागातल्या नाटकवाल्यांनी फार पूर्वी सोडवला होता. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले आणि मराठी नाटकाचा पाया घातला. त्या धाटणीच्या नाटकांत राक्षसपार्टी रंगमंचावर यायची ती ‘अलल्ल डुर्र’ अशी आरोळी ठोकत. पुढे सुधारलेल्या मंडळींनी अशा नाटकांना थट्टेने ‘अललडुर्र’ नाटके म्हटले. पण आम्हांला त्यात शहाणपण दिसते. राक्षस माणूस नाही, म्हणून त्याची ओळख पटवणारा बोल हा शब्दच नव्हे, नुसता आवाज. अर्थ नाही आणि रुबाब मात्र पुरेपूर. ही आरोळी लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

आता रजनीकांत यांच्याकडे येऊ. हे तमिळ चित्रपटाचे दैवत जन्माने शिवाजीराव गायकवाड, बंगळूरमधल्या मराठी घरातले. जन्म 12 डिसेंबर 1950. त्यांचे मूळ गाव पुरंदर तालुक्यात, जेजुरीच्या बाजूला असल्याचे सांगितले जाते. पुण्याहून मिरजेकडे येणारी रेल्वे जेजुरीवरून नीरा, लोणंद, वाठार, सातारा करीत आमच्या कोरेगावच्या ठेसनात येते. म्हणून आमच्या मुलांना आम्ही गमतीने सांगतो, की चिट्टी आपल्याच लाइनीवरचा आहे. बंगळूरला बस कंडक्टरी करून हा माणूस मद्रासला गेला आणि 1975 साली के. बालचंदर यांच्या ‘अपूर्व रागंगळ’मध्ये पडद्यावर आला.

त्यांच्या कारकिर्दीत तकिया कलामाचे स्थान मोठे आहे. 1977 च्या ‘16 वयदिनिले’ या चित्रपटात ते खलनायक होते, तेव्हा ‘हे कसं वाटतं?’ अशा अर्थाचे त्यांचे पालुपद लोकांच्या तोंडी बसले. 1995 साली ‘बाशा’ आला. त्यातला माणिक हा आपल्या मारल्या गेलेल्या मुसलमान मित्राचे, अन्वरचे, नाव पुढे चालवतो आणि माणिक बाशा होतो. आपल्या वाचकांना ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. त्या चित्रपटातले वाक्य तमिळ मुलखात पोराटोरांना पाठ आहे. मी एकदा सांगितले म्हणजे शंभरदा सांगितल्यासारखे, असा त्याचा भावार्थ. हे वाक्य शोभते, कारण ते माणसाच्या तोंडी आहे. माणसाला एकदा सांगून भागत नाही, शंभरदा सांगावे लागते. ज्याचे एकदाच ऐकले जाते तो मोठा. यंत्राच्या बाबतीत मात्र या वाक्यात काही जोर उरत नाही. यंत्राला एकदा सांगितले की नोंदले गेलेच.

म्हणजे ‘एन्दिरन’ करताना दिग्दर्शक शंकर यांच्यापुढे अवघड काम होते. ज्या नटाची सगळी ऐटच एका वाक्यात, एका मानेच्या झटक्यात, एका चालीत आहे, त्याच्याकडून ऐट नसलेले यंत्र करून घ्यायचे. शंकर यांच्याबरोबर तमिळ लेखक सुजाता आणि मदन कार्की यांनी संवाद लिहिले. सुजाता हे टोपणनाव. हे गृहस्थ म्हणजे एस. रंगराजन, पेशाने अभियंता आणि तमिळमधले विज्ञानकथांचे मोठे लेखक. चित्रपट पूर्ण होण्याआधी 2008 साली ते वारले. या चित्रपटातल्या यंत्राचे बोलणे मोजूनमापून लिहिलेले वाटते, त्यात त्यांचा हात असावा असे आम्ही समजतो.

चिट्टीचे बोलणे तीन टप्प्यांनी बदलते. पहिल्या टप्प्यात तो शब्दाचा अर्थ जसाच्या तसा घेतो आणि त्यातून हसू येते. त्याला कोणी विचारते, देव आहे का? तो उलट विचारतो, देव म्हणजे कोण? ज्याने आपल्याला निर्माण केले तो, असे उत्तर मिळते. मग चिट्टीचा हिशेब सरळ असतो. मला डॉ. वसीगरन यांनी निर्माण केले, ते समोर बसले आहेत, म्हणजे आहे. यात तो विनोद करीत नाही, ऐट दाखवीत नाही. तर्क त्याचा आणि हसू आपले. यंत्राच्या तोंडी टाळीचे वाक्य द्यायचे असेल तर ते असे द्यावे, असे आम्हांला वाटते. वाक्य पडद्यावर साधे असावे आणि टाळी प्रेक्षकाने शोधून काढावी. ‘स्पीड वन टेराहर्ट्झ’ हेही याच टप्प्यातले. तो आपली ओळख सांगतो, बढाई मारत नाही. आपण ती बढाई करून घेतली.

याच टप्प्यात तो आगीतून एका मुलीला वाचवतो. ती अंघोळ करीत होती, अंगावर कपडे नव्हते. लोक आणि कॅमेरे पाहून ती लाजेने पळते आणि गाडीखाली सापडून मरते. चिट्टीला समजत नाही, की चुकले काय. त्या प्रसंगी त्याच्या तोंडी एकही चटकदार वाक्य नाही. ते ठेवण्याचा मोह लेखकांना झाला नाही, हे मोठेपण आहे.

दुसऱ्या टप्प्यात वसीगरन त्याला भावना देतात. तो प्रेमात पडतो, सनावर, म्हणजे आपल्या कर्त्याच्याच वाग्दत्त वधूवर. त्याचे बोलणे अडखळू लागते. सैन्याच्या अधिकाऱ्यांसमोर तो नको ते बोलून बसतो आणि संतापलेले वसीगरन कुऱ्हाडीने त्याचे तुकडे करून कचऱ्यात टाकतात.

तिसऱ्या टप्प्यात डॉ. बोहरा हे तुकडे गोळा करून त्यात लाल चिप घालतात आणि नवा चिट्टी जन्मतो, आवृत्ती 2.0. आणि आता पाहा, आतापर्यंत जपून ठेवलेली रजनीकांतची सगळी ऐट इथे बाहेर येते. ती चाल, ते हसणे, तो मानेचा झटका. म्हणजे ज्या लकबीवर लोकांनी पस्तीस वर्षे नायक म्हणून शिट्ट्या मारल्या, ती लकब शंकर यांनी उचलून गर्विष्ठ यंत्राच्या अंगी घातली. यंत्रात घमेंड शिरली, हे दाखवायला याहून चांगली खूण कोणती? आमच्या मते तकिया कलाम यंत्राला शोभतो तो इथे, कारण आता त्याला आपण कोण आहोत याचा माज आला आहे आणि कोणीतरी आपल्याला पाहत आहे याची जाणीवही. टाळीचे वाक्य नेहमी तिसऱ्या कोणासाठी म्हटलेले असते. समोरच्या शत्रूला त्याची गरज नसते. ज्याला बघ्यांची हौस नाही ते यंत्र आपले काम करून गप्प राहील.

आणि या 2.0 चा सगळ्यांत गाजलेला बोल कोणता? यंत्रांच्या गर्दीत वेष पालटून घुसलेल्या माणसाला शोधताना तो कळपातल्या मेंढीसारखा आवाज काढतो, ‘म्याँऽ’. शब्द नाहीच. सांगलीच्या राक्षसपार्टीची ‘अलल्ल डुर्र’ इथे आठवावी. एकशे सदुसष्ट वर्षांनी चेन्नईच्या कारखान्यातून निघालेल्या राक्षसाला पुन्हा तोच उपाय सापडला.

परदेशी चित्रपटांकडे पाहिले तरी हाच हिशेब लागू पडतो. जेम्स कॅमेरॉनचा ‘टर्मिनेटर’ 1984 सालचा. त्यात अर्नोल्ड श्वार्झनेगर हा पोलीस ठाण्यातल्या खिडकीशी जातो, आत सोडत नाहीत म्हटल्यावर ‘मी परत येईन’ एवढेच इंग्रजीत सांगतो आणि जातो. थोड्या वेळाने मोटार घेऊन भिंत फोडून आत येतो. या वाक्यावरून नटात आणि दिग्दर्शकात वाद झाला होता. ‘आय’ आणि ‘विल’ हे दोन शब्द जोडून न म्हणता सुटे म्हणावेत, यंत्र शब्द आखडून बोलणार नाही, असे नटाचे म्हणणे. दिग्दर्शकाने ते मानले नाही. पण व्याकरण शिकवणाऱ्याला त्या नटाचे म्हणणे पटावे असेच आहे.

गंमत अशी, की मराठीत हे वाक्य भयंकर होऊच शकत नाही. आपल्याकडे निरोप घेताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. रोज संध्याकाळी शाळेचा शिपाईदेखील आम्हांला तेच म्हणून जातो. 1984 च्या त्या चित्रपटातही ते वाक्य धमकीचे नव्हते, नुसती माहिती होती. ऐकणाऱ्या पोलिसाला त्यात काहीच वावगे वाटले नाही. म्हणूनच ते गाजले. पुढे 1991 च्या आणि 2003 च्या भागांत तो बोल ठरवून आणला गेला. ज्या वाक्यात आधी माहिती होती, त्यात नंतर नुसती आठवण उरली आणि शेवटी थट्टा. जयंत नारळीकरांनी यंत्रमानवावर जी कादंबरी लिहिली तिचे नाव त्यांनी ‘वामन परत न आला’ ठेवले. परत न येण्यातही काही शहाणपण असते.

पण 1991 च्या दुसऱ्या ‘टर्मिनेटर’मध्ये एक गोष्ट फार चांगली आहे. त्यातले रस्त्यावरचे बोल यंत्राला एक दहा वर्षांचा मुलगा शिकवतो. असे नाही बोलायचे, असे बोलायचे, म्हणून दुरुस्त करतो. पुढे यंत्र ते स्पॅनिश बोल शत्रूला उद्देशून म्हणते तेव्हा आपल्याला त्यात त्या मुलाची शिकवणी ऐकू येते. वाक्य उसने आहे आणि ते कोणाकडून घेतले ते आपल्याला ठाऊक आहे. शेवटी ते यंत्र माणसे का रडतात हे आपल्याला कळल्याचे सांगते आणि वितळलेल्या पोलादात स्वतःला उतरवून घेते. तिथे थट्टा नाही. 1987 च्या ‘रोबोकॉप’मध्ये तर याहून पुढची गोष्ट आहे. मर्फी नावाचा पोलीस मारला जातो आणि त्याच्या देहातून यंत्र घडवले जाते. जिवंतपणी गुन्हेगाराला धरताना तो जे ठरावीक वाक्य म्हणायचा, तेच यंत्राच्या तोंडून बाहेर पडते आणि त्याला मारणाऱ्यांपैकी एक जण ते ऐकून हादरतो, की हा तर आम्ही मारलेला माणूस. तिथे तकिया कलाम हीच मेलेल्या माणसाची खूण आहे. नाव पुसले, चेहरा झाकला, पण बोलण्याची सवय उरली.

यावरून आमचे मत असे बनले आहे. यंत्राच्या तोंडी टाळीचे वाक्य शोभते ते तीन ठिकाणी. ते त्याच्यावरचा छाप असेल तेव्हा, त्याने ते कोणाकडून शिकले हे दिसत असेल तेव्हा, किंवा त्याच्यात घमेंड शिरल्याची ती खूण असेल तेव्हा. या तिन्हींपैकी काहीच नसेल तर ते वाक्य यंत्राचे नसते. ते नटाचे असते आणि बऱ्याचदा तिकीट विकणाऱ्याचे.

आमचे एक ज्येष्ठ सहकारी हे मान्य करीत नाहीत. ते म्हणतात, ‘‘सर, लोक रजनीकांतला पाहायला जातात, रोबोटला नाही. शिट्टी मारायला वाव नको का?’’ म्हणणे खोटे नाही. दिवसभर राबलेल्या माणसाला दोन घटका शिट्टी मारावीशी वाटली तर त्यात गुन्हा नाही. पण नुसत्या शिट्टीवर विसंबले तर काय होते, हे 29 नोव्हेंबर 2018 रोजी आलेल्या ‘2.0’ या दुसऱ्या भागात दिसते. चिट्टी परत आला, पण आता तो आपली ओळख असलेला चिट्टी होता. त्याला नवे काही शिकायचे नव्हते, नवे काही कळायचे नव्हते. ऐट पहिल्याच भागातली, फक्त पडदा मोठा आणि पैसा जास्त. लोकांनी गर्दी केली, पण पहिल्या चिट्टीची वाक्ये जशी आमच्या सातवीच्या वर्गात पोचली, तशी दुसऱ्याची पोचलेली आम्ही पाहिली नाहीत.

इथे एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. यंत्राला माणूस बनवण्यासाठी चित्रपटवाले त्याला एखादे वाक्य देतात. आणि माणसाला यंत्र बनवायचे असेल तरी एकच वाक्य पुरते. ‘शोले’ (1975) मधले इमामसाहेब आठवा. ए. के. हंगल यांनी केलेली ती भूमिका. आंधळा बाप, ज्याचा तरुण मुलगा मारून घोड्यावर टाकून गावात पाठवला आहे. सगळे गाव गप्प उभे आहे आणि या एकट्यालाच दिसत नाही, म्हणून तो विचारतो, की इतका शुकशुकाट का आहे? सलीम-जावेद यांनी लिहिलेल्या त्या प्रश्नाइतका करुण प्रश्न हिंदी चित्रपटात क्वचितच सापडेल. आज तेच वाक्य लग्नाच्या वरातीत, मोबाइलच्या चुटक्यांत, कोणी गप्प बसला की त्याला चिडवायला वापरले जाते. त्यातला बाप गेला, मुलाचे प्रेत गेले, आंधळेपण गेले. उरला तो तकिया कलाम. आपल्याकडे निळू फुल्यांचेही असेच झाले. ज्या नटाने ‘सखाराम बाइंडर’ उभा केला, त्याला नकला करणाऱ्यांनी वाड्यावरच्या एका वाक्यात कोंडून टाकले.

आणि हिंदी चित्रपटातला मुसलमान? फार वर्षे तो एक तर भला चाचा असायचा, नाहीतर कव्वाल, नाहीतर मित्रासाठी जीव देणारा दोस्त. त्याच्या तोंडी ठरलेली चार-पाच वाक्ये. नंतरच्या काळात तो दहशतवादी झाला, वाक्ये बदलली, पण संख्या तेवढीच राहिली. यातली किती वाक्ये आपल्याच उर्दू लेखकांनी लिहिली, हेही कबूल केले पाहिजे. चिट्टीला निदान तीन टप्पे मिळाले, चुकायला आणि बदलायला वाव मिळाला. पडद्यावरच्या आपल्या माणसाला तेवढाही मिळाला नाही. यंत्रमानवाचे बोलणे लिहिताना जी काळजी घेतली गेली, तीच माणसाचे लिहिताना घेतली गेली असती तर, असे मनात येते.

‘एन्दिरन’चा शेवट आम्हांला फार आवडतो. न्यायालयाच्या हुकमाने चिट्टीला मोडायचे ठरते. तो स्वतःच आपला एकेक भाग काढत जातो आणि निरोप घेत जातो. मग 2030 सालचे संग्रहालय दिसते. शाळेची सहल आली आहे. एक मुलगी काचेआडच्या चिट्टीकडे पाहून विचारते, याला का मोडले? तो उत्तर देतो, मी विचार करू लागलो म्हणून. सबंध चित्रपटातले सर्वांत मोठे वाक्य ते हेच. ते ऐटीत म्हटलेले नाही आणि पुन्हा कुठे येतही नाही. एका मुलीने विचारले म्हणून दिलेले उत्तर आहे. याला आम्ही हाजिरजवाबी म्हणतो.

गेल्या हिवाळ्यात आम्ही हा शेवटचा प्रसंग वर्गात सांगितला आणि मुलांना विचारले, की चिट्टीचे उत्तर बरोबर आहे का? तो पावसाळ्यातला मुलगा मागच्या बाकावर होता. या वेळी त्याने मान वळवली नाही. जरा अडखळत, आपल्या घरच्या दखनीत म्हणाला, ‘‘नै सर. उने सोचने लग्या करके नै तोड्या. तू क्या सोचता, करके उसे किनेबी पूछ्याच नै.’’ तो विचार करू लागला म्हणून नव्हे, तू काय विचार करतोस हे त्याला कोणी विचारलेच नाही म्हणून.

आम्ही थोडा वेळ गप्प राहिलो. वसीगरनने चिट्टीला ग्रंथच्या ग्रंथ वाचायला दिले, तालीम भरपूर दिली, पण तरबियत दिली नाही, हे आम्ही पुढे कधीतरी सांगणार होतो. मुलाने ते आपल्या परीने आधीच सांगून टाकले. आणि मग ध्यानात आले, की जूनपासून आम्हीही त्याला पाठ किती झाले एवढेच विचारत होतो. कविता पाठ नव्हती तेव्हा त्याने यंत्राचे वाक्य पुढे केले, कारण त्याला ठाऊक होते, की आमच्याकडे पाठ केलेले वाक्यच चालते. तो त्याचा तकिया होता. त्याच्यावर तो टेकला, एवढेच.

आमचाही एक तकिया कलाम आहे. दर दोन वाक्यांनंतर आम्ही ‘समझे?’ म्हणतो आणि वर्ग एका सुरात ‘जी सर’ म्हणतो. त्या ‘जी सर’मध्ये कोणाला काय समजले ते कळत नाही, हे आम्हांला बारा वर्षांच्या नोकरीनंतर एका चित्रपटामुळे कळावे, याचे थोडे वाईट वाटते. आता मोबाइलमधले यंत्र उर्दू बोलते, मराठी बोलते, निबंध लिहून देते. ते अडखळत नाही. परवा आमच्याकडे आलेल्या वह्यांपैकी चार निबंधांची पहिली ओळ एकच होती. मुले वेठबिगाराकडून लिहून घेऊ लागली आहेत आणि वेठबिगाराला आपला असा बोल नसतो. त्या चारही मुलांना आम्ही रागावलो नाही. निबंध मिटवून ठेवायला सांगितला आणि विचारले, ‘‘आता तू सांग, तुला काय वाटते?’’

पहिला मुलगा बराच वेळ उभा राहिला. ‘म्हणजे... म्हणजे...’ एवढेच म्हणत राहिला. ते ऐकून आम्हांला बरे वाटले. तो टेकत होता. पुढचे वाक्य त्याचे स्वतःचे असणार होते.